भरवशाचा कंट्रोलर

विश्वास ही जगातली एकमेव वस्तू आहे, जी बाजारात विकत मिळत नाही.

हे वाक्य जावईबापूंनी सासरच्या बैठकीच्या खोलीत, रिकामा कप बशीत ठेवता ठेवता उच्चारलं, तेव्हा मंडळींनी माना डोलावल्या. वाक्य स्वतः जावईबापूंनाही आवडलं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ते बाजारात गेले, तर विश्वास तिथे तीन प्रकारांत उपलब्ध होता. तिन्ही खोक्यांवर तसं ठळक अक्षरांत छापलं होतं आणि मधल्या प्रकारावर एक केबल मोफत होती.

खोक्यांत रेड कंट्रोलर, म्हणजे संगणकाच्या अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या पट्ट्या, होते. त्यांतला भरवशाचा कुठला हे ठरवायचं काम जावईबापूंकडे आलं होतं, आणि ते त्यांच्याकडे का आलं याचं एकमेव कारण म्हणजे एक खुर्ची.

जावईबापू भूगोल शिकवीत. नदी कुठून निघते, वाटेत काय काय उचलते आणि ते कुठे नेऊन टाकते, हे निळ्या खडूने फळ्यावर फार सुंदर काढून दाखवीत. संगणकाशी त्यांचं नातं दंतवैद्याशी असतं तसं होतं. गरज पडल्याशिवाय जायचं नाही आणि गेलं तर डोळे मिटून घ्यायचे. पण लग्नानंतर ते पहिल्यांदा सासरी गेले, त्या दिवशी कारखान्याच्या ऑफिसातला प्रिंटर बंद पडला होता आणि घरातली सगळी माणसं त्याच्याभोवती उभी होती. नवे जावईबापू बसायला जागा शोधत होते. ती प्रिंटरच्या मागे सापडली. खुर्ची सरकवताना तिचा पाय लागून सैल झालेली पिन आत गेली आणि प्रिंटर चालू झाला.

"बघितलंत?" सासरे म्हणाले. "हात न लावता."

सासरे पुढे वारले, पण वाक्य घरात राहिलं. त्यानंतर विजेवर चालणारी आणि विशेषतः चालेनाशी झालेली प्रत्येक वस्तू जावईबापूंच्या नावावर चढत गेली. सुरुवातीला त्यांनी दोन-तीनदा खरं काय ते सांगून पाहिलं. त्यावर मेहुणा म्हणाला, "भावोजी, तुमचा हा साधेपणाच आम्हाला आवडतो." मग त्यांनी नाद सोडला.

कारखाना म्हणजे घरामागची लांब शेड. तिथे पडद्यांचं कापड हाताने छापलं जाई. दोन लांबच लांब टेबलं, त्यांवर ताणून बसवलेलं कापड, आणि त्यावर जाळीच्या चौकटी ठेवून रंग ओढणारी माणसं. कारभार मेहुणा बघायचा. नमुने मात्र सगळे सासूबाईंचे. पानं, वेली, कळ्या, पाण्यावर उठणाऱ्या रेघा; उभ्या आयुष्यात त्यांनी मोठमोठ्या कागदांवर ब्रशने जे काढलं त्यातलं थोडं कापडावर गेलं, बाकीचं दोन कपाटांत राहिलं. पुढे कपाटांना ओल लागली. तेव्हा जावईबापूंच्या बायकोने सलग दोन सुट्ट्या खर्चून ते सगळे कागद स्कॅन केले आणि एका काळ्या डब्यात भरून ठेवले. डब्यात चार डिस्क होत्या.

"आता कागद ठेवण्यात काही अर्थ नाही," जावईबापू तेव्हा म्हणाले होते. "चार डिस्क आहेत. एक गेली तरी काही होत नाही."

डब्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकात तसं लिहिलं होतं. त्यांनी नुसतं वाचून दाखवलं. पण जावईबापू बोलले म्हटल्यावर वस्तादने, म्हणजे छपाईच्या मुख्य माणसाने, कपाटं रिकामी केली. जाड कागद होता, रंग चांगला टिपायचा. वर्षभर तो टेबलावरच्या कापडाखाली घालायला पुरला.

डब्याचं शास्त्र जावईबापूंना एवढंच समजलं होतं, की चार डिस्क म्हणजे एका घरातल्या चार जावा. प्रत्येक चित्राचे तुकडे करून चौघींत वाटून ठेवायचे, आणि ते अशा हिशेबाने, की एखादी आजारी पडली तर उरलेल्या तिघी मिळून तिच्याकडे काय होतं ते सांगू शकतील. दोघी पडल्या तर मात्र उरलेल्या दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसणार. कुणाकडे काय ठेवलंय हे ज्या एका हिरव्या पट्टीला माहीत असतं ती कंट्रोलर. ती घरातली थोरली. आणि त्यांनी कुठेसं वाचलं, की डिस्क जातात त्याचं एवढं काही नाही. खरा दगा देते ती थोरलीच. ती गेली की चौघी धडधाकट असूनही घरात काय कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

हे वाचल्यावर ते जेवण अर्धं टाकून उठले, कारण सासूबाई.

सासूबाईंच्या नजरेच्या मधोमध डाग पडला होता. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नसे, कान दिसत. माणसं त्या आता कानांवरून ओळखायच्या आणि सहसा चुकायच्या नाहीत. ब्रश केव्हाच सुटला होता. डॉक्टर म्हणाले होते, आहे ते टिकलं तरी पुष्कळ. पण शेडला लागून असलेल्या डिझाइनच्या खोलीत संगणकाचा मोठा पडदा लावून एखादी कळी खिडकीएवढी केली, आणि मान जराशी तिरपी करून नजरेच्या काठाने पाहिलं, तर त्यांना आपली रेघ दिसायची. रोज दुपारी त्या ती बघत बसायच्या. एक नमुना, मग दुसरा. मध्येच म्हणायच्या, इथे हात थरथरला होता. किंवा नुसत्याच हसायच्या. कागद गेले होते, हात गेला होता, डोळे जात होते. जे काही होतं ते त्या डब्यात होतं.

म्हणून जावईबापूंनी चहा संपवून विश्वासाचं ते वाक्य म्हटलं आणि जुनी थोरली बदलून भरवशाची आणायची असं जाहीर केलं. ते कुणी आणायचं यावर चर्चा झाली नाही.

नंतर डिझाइनच्या खोलीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तेच घेऊ, जावईबापू. फक्त हे जाऊ देऊ नका." आणि पडद्यावरच्या कळीवर बोट टेकलं. "हिच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा काढलंय हे." ही म्हणजे जावईबापूंची बायको. ती शेजारीच उभी होती. तिचे कान लाल झाले, ते सासूबाईंना दिसले.

जावईबापू निवडीला बसले. अभ्यासू माणूस. त्यांनी आधी इतरांचे अनुभव वाचायला घेतले. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, "अजून उघडलं नाही, पण खोकं मजबूत आहे." दुसऱ्याने एक तारा देऊन लिहिलं होतं, "आठ वर्षं उत्तम चालला आणि मग बंद पडला. विश्वासघात." तिसऱ्याने त्या दुसऱ्याला मूर्ख म्हटलं होतं, आणि तिथून पुढे दोन पानं कंट्रोलरचा विषयच नव्हता. बॅटरीवाला घ्यावा की बिनबॅटरीचा, यावर तर माणसं एकमेकांच्या घराण्यापर्यंत पोचली होती. बॅटरी असली तर वीज गेल्यावर अर्धवट राहिलेलं काम ती लक्षात ठेवते. पण बॅटरी फुगते. नसली तर फुगत नाही; पण लक्षात कोण ठेवणार? जावईबापूंनी कॉलेजातल्या संगणक विभागाच्या प्रमुखांना गाठलं. ते म्हणाले, "आम्ही महत्त्वाचं सगळं छापून फाइलला लावतो."

जितकं वाचावं तितकं कमी कळत होतं. पहिल्या प्रकाराचं सगळं चांगलं होतं, पण तो बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली होती. दुसऱ्या प्रकारावर मोफत केबल होती, आणि भरवशाच्या वस्तूवर कुणी काही मोफत का द्यावं, हा प्रश्न जावईबापूंना वर्गात शिकवतानाही सुटेना. तिसऱ्याबद्दल कुणी काहीच वाईट लिहिलं नव्हतं. कुणी काहीच लिहिलं नव्हतं.

"अहो, स्थळं बघताना सुद्धा एवढा वेळ लावला नव्हता तुम्ही," बायको म्हणाली.

"तेव्हा एवढी माहिती उपलब्ध नव्हती."

बायकोने हे वाक्य मनात ठेवलं. पुढे बऱ्याच प्रसंगी ते तिच्या कामी आलं.

अशात एकदा मेहुण्याचा फोन आला. पडद्यांच्या मोठ्या ऑर्डरविषयी बोलून झाल्यावर तो सहज म्हणाला, "आणि भावोजी, तुमचा डबा वाजतोय हां."

"वाजतोय म्हणजे?"

"टुक. टुक. टुक. असा."

"चित्रं दिसतायत का?"

"आई आत्ता तेच तर बघत बसलीय."

"मग चालू आहे. हात लावू नका."

हात न लावणं ही त्या घराची जावईबापूंच्या बाबतीतली पद्धतच होती. कुणी लावला नाही.

सुट्टीच्या दिवशी जावईबापू स्वतः कारखान्यात गेले, तर ऑर्डरपायी तिथे सुट्टी नव्हतीच, आणि शेडचं रूप पालटलेलं दिसलं. हाताने छापायचं म्हणजे टेबलाच्या दोन बाजूंना दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकाने चौकटीतला रंग रबरी पट्टीने पुढे लोटायचा, दुसऱ्याने तो आपल्याकडे ओढून घ्यायचा, मग चौकट उचलून पुढे न्यायची. दोघांचा जोर आणि वेळ जुळली नाही तर कापडावर एक फूल गडद आणि एक फिकं येतं. ती वेळ जुळवायला वस्ताद इतकी वर्षं तोंडाने ओरडत असे: लोट, घे, उचल. बोलता बोलता तो आपल्या साडूचा विषय काढी आणि फुलं फिकी पडत.

आता वस्ताद गप्प होता. डिझाइनच्या खोलीचं दार सताड उघडं टाकलं होतं, आणि मधल्या लाकडी भिंतीची एक फळीही काढलेली होती. आतून येत होतं: टुक, टुक, टुक. त्यावर पट्ट्या जात होत्या, येत होत्या, चौकटी उठत होत्या. फुलं एकसारखी, जणू एकाच आईची.

"जावईबापू, हे काम केलंत बघा," वस्ताद म्हणाला. "उगीच घसा फोडत होतो मी इतकी वर्षं."

"मी काही केलेलं नाही," जावईबापू म्हणाले.

"हात न लावता," मेहुणा अभिमानाने म्हणाला.

जावईबापूंना आवाज बरा वाटला नाही. एकच तारा देणाऱ्या कुणीतरी अशाच आवाजाची तक्रार केलेली त्यांनी वाचली होती. ऑफिसातल्या लोकांची डोकी उठली होती म्हणे. तिथे त्यांनी 'आवाज' हा कंट्रोलरच्या दुर्गुणांत धरला होता. म्हणजे जुनी थोरली म्हातारी झाली, आता ती कुरकुरणारच, असा त्यांनी अर्थ लावला. नवी आणायची घाई करायला हवी, हेही त्यांना पटलं. घाई म्हणून त्यांनी तिन्ही प्रकारांची तुलना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

खोलीत सासूबाई पडद्यासमोर होत्या. जावईबापूंचे कान दिसताच म्हणाल्या, "या. हल्ली चित्र जरा दमानं येतं हो. आधी वरचं, मग बऱ्याच वेळानं खालचं."

"नवा आला की झटकन येईल, आई."

"येऊ दे सावकाश. मला कुठे जायचंय."

नव्या कंट्रोलरसंबंधी घरात जी शेवटची बैठक झाली तिच्यात मेहुण्याने एकच अट घातली. "कुठलाही घ्या भावोजी, आम्हाला त्यातलं कळत नाही. पण ठेका हाच पाहिजे. जलद नको, माणसं दमतील. संथ नको, ऑर्डर अडकेल."

"अहो, कंट्रोलर घेताय की वाजंत्री ठरवताय?" बायको म्हणाली.

"तू हसतेस ताई, पण माल एक सुद्धा परत आला नाहीये."

जावईबापूंनी अट मान्य केली. इतक्या वाचनानंतर प्रथमच त्यांना एक असा निकष मिळाला होता, जो त्यांना समजत होता.

दुकानदार त्यांना ओळखून होता. महिन्यांमागून महिने येऊन, खोकी उलटीपालटी करून, मागचा मजकूर वाचून, काहीही न घेता जाणारं हे गिऱ्हाईक त्याने एव्हाना फर्निचरमध्ये धरलं होतं.

"या सर. बसा. वाचायला नवीन काही आलेलं नाही."

"मधला द्या," जावईबापू म्हणाले.

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं, खोकं काढलं आणि ते काउंटरवर ठेवलं. हात मात्र त्याने खोक्यावरून काढला नाही, कारण अनुभव.

"एकच विचारायचं होतं. याचा आवाज कसा आहे?"

"कशाचा आवाज?"

"वाजतो तो. आमच्या जुन्याचा ठेका साधारण असा आहे." जावईबापूंनी काचेवर बोटाने वाजवून दाखवलं. टुक. टुक. टुक. "हाच हवाय. जुळेल ना?"

दुकानदाराने हात खोक्यावरून काढला.

"तुमचा वाजतोय?"

"हो."

"आत्ता?"

"आत्ता कारखाना चालू असेल. म्हणजे वाजतच असणार."

"कधीपासून?"

जावईबापूंनी आठवून पाहिलं. "पडद्यांची मोठी ऑर्डर आली ना, त्याच्या थोडं आधीपासून. कामाला फार उपयोग होतो त्याचा."

दुकानदार स्टुलावर बसला. "सर, डिस्क मेली की तो वाजतो. तेवढ्यासाठीच ठेवलेलं असतं ते. एक गेलीय, तिच्या जागी दुसरी लावा, असं सांगत असतो तो."

"आणि एरवी?"

"एरवी कशाला वाजेल?"

जावईबापूंनी काचेवरचं बोट उचललं.

"दुसरीकडे प्रत ठेवली असेल ना सगळ्याची?" दुकानदाराने विचारलं. त्याच्या आवाजात प्रथमच माया होती.

"चार डिस्क आहेत."

"चार डिस्क म्हणजे चार प्रती नव्हेत, सर."

"एक गेली तरी काही होत नाही."

"एक गेलेली आहे. त्या काही-होत-नाहीवरच चाललंय तुमचं इतके दिवस."

त्याने धावपळ करून एक नवी डिस्क काढली, प्रत करून घ्यायला आणखी एक काढली, कशी लावायची ते कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्र नदीसारखं दिसत होतं. जावईबापूंनी तोवर मेहुण्याला फोन लावला. तो कुणी उचलला नाही. टेबल अर्धवट सोडता येत नसे, आणि फोन ऑफिसात असे. बायकोचा फोन बंद होता. ती कामावर होती. मग त्यांनी घरचा लावला, तो पुष्कळ वेळ वाजल्यावर सासूबाईंनी उचलला. डिझाइनच्या खोलीत त्याची एक जोडणी होती.

"हॅलो?"

"आई, मी बोलतोय."

"बोला."

मागून स्पष्ट ऐकू येत होतं. टुक. टुक.

"काय करताय?"

"मी काय करणार? कळ्या लावल्यात. येतायत हळूहळू."

तिघी मिळून चौथीचा भार वाहतायत, त्यांतली कुठली केव्हा बसेल सांगता येत नाही, तुम्ही बघताय तोच भार आहे, हे फोनवर कसं सांगायचं?

"आई, थोडा वेळ बघू नका."

"का हो?"

"मशीनला जरा विश्रांती देऊ."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "एवढं खालचं येऊ दे, मग बंद करते."

"आई, आत्ताच—"

पण 'बंद करते' म्हटल्यावर त्यांनी फोनही ठेवून दिला होता. त्यांची तशी पद्धत होती. पुन्हा लावला तो लागलाच नाही. त्यांनी तो नीट ठेवला नसावा. खाचेत बसवायचा तर समोरचं दिसावं लागतं.

जावईबापू टॅक्सीत बसले. मांडीवर पिशवी होती. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला त्यांनी तो लाल असताना हिरवा व्हावा अशी इच्छा केली आणि प्रत्येक सिग्नल त्याच्या वेळेलाच हिरवा झाला. ड्रायव्हरने विचारलं, "दवाखाना का?" जावईबापू "हो" म्हणाले, कारण दुसरं काही सांगायचं तर कंट्रोलरपासून सुरुवात करावी लागली असती. ड्रायव्हरने मग खरंच जोरात नेली, पण चुकीच्या दिशेला, आणि दवाखान्यापासून परत यायला पुन्हा तेवढाच वेळ गेला.

शेडमध्ये शिरल्या शिरल्याच त्यांना कळलं. ठेका नव्हता. आतून एकच लांब, न तुटणारा सूर येत होता. दोन्ही टेबलांवर माणसं पट्ट्या हातात धरून उभी होती आणि चौकटींतला रंग सुकत चालला होता.

"बरं झालं भावोजी आलात," मेहुणा म्हणाला. "ठेका गेला बघा मघाशी. एकच सूर लागलाय. तुम्ही तिकडून काही केलंत का?"

"नाही."

"मला वाटलं नवीन घेतलात, म्हणून जुना बंद होतोय."

"आता यावर छापायचं कसं, जावईबापू?" वस्ताद म्हणाला. "लोटायचं कुठे आणि उचलायचं कुठे, समजत नाही."

जावईबापू आत गेले. पडद्यावर वरच्या अर्ध्या भागात कळ्या होत्या, खिडकीएवढ्या, देठापर्यंत. देठाखाली राखाडी. सासूबाई मान तिरपी करून बसल्या होत्या. चाहूल लागली तशी त्यांनी मान थोडी वळवली, कान पाहिले, आणि परत पडद्याकडे केली.

"वरचं आलंय," त्या म्हणाल्या. "खालचं यायचंय. तुम्ही म्हणालात म्हणून बंद करणार होते, पण एवढं राहिलंय."

जावईबापूंनी डब्याकडे पाहिलं. चार दिव्यांपैकी दोन लाल होते. पिशवीत नवी डिस्क होती, एकीच्या जागी लावायला. दोघींच्या जागी काय लावायचं याचं चित्र दुकानदाराने काढून दिलं नव्हतं.

"थांबू या थोडं," ते म्हणाले, आणि शेजारच्या स्टुलावर बसले.

दोघं थांबली. सूर चालू होता. दारात मेहुणा आणि त्याच्या मागे वस्ताद येऊन उभे राहिले. जावईबापू आता काय करतात ते दोघंही मोठ्या भक्तीने बघत होते. जावईबापू बसले होते, कशालाही हात न लावता.

पुढे, बिघडलेल्या डिस्कांतून माहिती काढून देणाऱ्या लोकांकडे डबा पाठवला. त्यांनी तो बराच काळ ठेवून घेतला आणि नम्र भाषेत कळवलं, की पहिली डिस्क केव्हाच गेलेली होती आणि दुसरीच्या पृष्ठभागावर ओरखडे पडले आहेत. काही मिळण्यासारखं नाही. 'पृष्ठभाग' हा शब्द जावईबापू वर्गात रोज वापरत. त्यांनी ते पत्र सासूबाईंना स्वतः वाचून दाखवलं. मग कागद गेले ते कुणाच्या सांगण्यावरून, डबा वाजत असताना हात लावू नका कोण म्हणालं, हेही सांगायला सुरुवात केली.

सासूबाईंनी मध्येच थांबवलं. "जाऊ द्या. तुम्ही तरी काय करणार," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्यातलं कुठे काय कळतं."

लग्न झाल्यापासून नेमकं हेच वाक्य जावईबापू त्या घराला पटवत आले होते. ते पटलं त्या दिवशी त्यांना संध्याकाळचा चहा गेला नाही.

मेहुण्याला मात्र पटलं नाही. "भावोजी, झालं ते झालं. ठेक्याचं तेवढं बघा ना," तो म्हणाला. नवा कंट्रोलर लावला होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. त्याच्या चारही डिस्क नव्या आणि ठणठणीत होत्या. वस्ताद पुन्हा तोंडाने मोजायला लागला होता, साडूचा विषय परत निघाला होता आणि कापडाचा एक गठ्ठा फिक्या फुलांपायी परत आला होता.

तेव्हा जावईबापू जुनी थोरली घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने कोपऱ्यातल्या भंगारातून चालू स्थितीतल्या चार डिस्क शोधल्या, त्या तिला जोडल्या आणि एक जागा मुद्दाम रिकामी केली. टुक, टुक, टुक. ती आता शेडमध्ये दोन टेबलांच्या मधल्या खांबाला टांगलेली आहे.

दुपारी सासूबाई अजून डिझाइनच्या खोलीत जाऊन बसतात. नव्या डब्यात एक नमुना आहे. ऑर्डरच्या पडद्यांची साधी चौकडी, गिऱ्हाइकाने दिलेल्या तुकड्यावरून मेहुण्याने स्कॅन केलेली. ती पडद्यावर झटकन येते, वरचं आणि खालचं एकदम. सासूबाई मान तिरपी करून ती बघतात. "सरळ आहे," एकदा म्हणाल्या. "ही मी काढलेली नाही."

जुना कंट्रोलर खांबाला टांगायला देण्याआधी दुकानदाराने तो यंत्रावर लावून पूर्ण तपासला होता. त्यात कसलाही बिघाड नव्हता.